बंबावालेंची माशी की ॲरिझोनाची?

कापसावरचा पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी, पीठ लावल्यासारखी पांढरी दिसणारी कीड) ज्यांनी २००७ च्या आसपास बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, शेंडे पांढरे, झाड खुरटलेलं आणि फवारून फवारून शेतकरी टेकीला आलेला. फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव, मूळचा अमेरिकेतला, तिथे १८९८ मध्येच नोंदवलेला. आपल्याकडे आला तेव्हा त्याला कोणी शत्रूच नव्हता असं वाटत होतं.

आणि मग एकदोन वर्षांत काही पिठ्या ढेकूण तपकिरी, कडक, फुगलेले दिसायला लागले. याला ममी म्हणतात. आत एका छोट्या गांधीलमाशीची अळी ढेकणाला आतून खाऊन मोठी होते (एका ढेकणात एकच!) आणि शेवटी गोल भोक कुरतडून माशी बाहेर पडते. माशी म्हणजे केवढी, तर जेमतेम २ मिमी, चावत वगैरे नाही, बऱ्याच जणांना ती चिलटच वाटते.

आता ही कोण हे ठरवायचं कसं? फोटो काढून जमत नाही. ममी बाटलीत ठेवायच्या, माशा बाहेर येऊ द्यायच्या, मग काही कार्डावर चिकटवायच्या, काहींचे मिशा-पंख वेगळे करून स्लाइडवर, आणि मायक्रोस्कोपखाली बसून मिशीचा प्रत्येक खंड किती लांब किती रुंद ते मोजायचं. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की एकाच ममीच्या ढिगातून निघाले नसते तर दोन जाती वाटल्या असत्या. ही माशी ज्या एनॅसियस गटातली, त्याची एक मस्त खूण म्हणजे मादीच्या डोक्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे खड्डे असतात.

हे काम अलिगढच्या मोहम्मद हयात सरांनी केलं, एन्सिर्टिड माशांमधलं (ही माशी ज्या कुळातली ते कूळ) भारतातलं एक खूप मोठं नाव. २००९ मध्ये त्यांनी ही नवीन जात म्हणून प्रसिद्ध केली, एनॅसियस बंबावालेई, दिल्लीच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या नावाने. मराठी आडनाव लॅटिन शेपटी लावून कीटकाला चिकटलेलं बघून मला तरी जाम भारी वाटलं होतं.

पण २०१४ मध्ये पेपर आला की ही माशी म्हणजे एनॅसियस ॲरिझोनेन्सिसच, जी जिरॉ नावाच्या कीटकतज्ज्ञाने १९१५ मध्येच वर्णन करून ठेवलीये. नियम सरळ आहे, जुनं नाव टिकतं, नवीन नाव समानार्थी म्हणून यादीत खाली जातं. बंबावालेई गेलं.

यात हयात सरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जिरॉ हा प्रकारच अवघड होता, हजारो जाती वर्णन केल्या पण बऱ्याचदा चार ओळींत, चित्र नाही काही नाही, त्यामुळे त्याचा मूळ नमुना स्वतः बघितल्याशिवाय खात्री करणं कठीण. या माणसाने एका साहेबावर राग काढायला चक्क एक काल्पनिक कीटकही छापला होता, डोकं नाही पोट नाही, सापडला कुठे तर म्हणे गुरू ग्रहावर :D

मला यात खरी गंमत वेगळीच वाटते. नाव बदललं आणि माशीचा पत्ता कळला. नवीन भारतीय जात म्हटल्यावर वाटणार की इथलीच कुठली तरी माशी पाहुण्या ढेकणावर शिफ्ट झाली, पण ॲरिझोनेन्सिस म्हटल्यावर कळतं की ढेकूण अमेरिकन, माशीही अमेरिकन, बहुतेक त्याच्याच पाठोपाठ आलेली, आणि कोणी मुद्दाम न आणता. पपईच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून माशा मागवाव्या लागल्या, इथे काम फुकटात झालं.

तुमच्या जास्वंदीवर किंवा शेताच्या बांधावरच्या गाजरगवतावर पिठ्या ढेकूण असेल तर फवारायच्या आधी तपकिरी ममी आहेत का बघा, असतील तर थोडे दिवस थांबा. आणि जास्त वाचायचं असेल तर दोन्ही नावांनी शोधा, कारण २०१४ च्या आधीची बहुतेक भारतीय माहिती बंबावालेई या नावाखालीच आहे.