दिवाळखोरांचा दगड

आज इटलीतील पादुआ शहरातील ‘पालाझ्झो देल्ला राजोने’ या १२१८-१९च्या सुमारास उभारलेल्या नगरसभागृहात दुपार घालवली. वर न्यायदान आणि खाली बाजार अशी या वास्तूची मूळ रचना होती. त्यांपैकी बाजार आजही भरतो, न्यायालय मात्र केव्हाच गेले. सुमारे ८० मीटर लांबीच्या या दालनात एकही खांब नाही. उलट्या ठेवलेल्या जहाजासारखे त्याचे लाकडी छत १४२०च्या आगीत जळाले, पुन्हा बांधले गेले आणि १७५६मध्ये वादळाने उडवले. मी सर्वाधिक रेंगाळलो ते कोपऱ्यातील काळ्या दगडापाशी. कर्ज बुडवणाऱ्याला अंतर्वस्त्रांनिशी त्यावर लोकांसमक्ष तीनदा बसून ‘मालमत्ता सोडली’ असे म्हणावे लागे आणि मग शहरही सोडावे लागे. (दगड चांगलाच गुळगुळीत झालेला दिसतो.)