जागा होती ना गाडीत?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते. तुम्ही म्हणजे मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटलेल्या मैत्रिणी, माझी नणंद, नाशिकहून व्हिडिओ कॉलवर येणाऱ्या सासूबाई. सूर वेगवेगळा, प्रश्न तोच: "नवऱ्याला डोंगरात सोडून तू एकटी पुढे कशी गेलीस?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा: "पण त्या गाडीत जागा होती ना?"

होती. दोन माणसं आणि दोन सायकली सहज मावल्या असत्या. आता पुढचंही ऐका, कारण इथवर ऐकून सगळे कॉफीकडे वळतात.

"सनीव्हेलमध्ये एवढे छान ट्रेल असताना तिकडे माउंट हॅमिल्टनला मरायला जायचं कशाला?" हाही एक उपप्रश्न असतो. (सनीव्हेल म्हणजे आमचं कॅलिफोर्नियातलं गाव.) ट्रेल छानच आहेत, मी लांबवर सायकल चालवायला शिकले तिथेच. बे ट्रेलवर मॉफेट फील्ड विमानतळाच्या मागून, मिठागरांच्या बांधांवरून अल्विसोकडे जाताना डावीकडे खाडी, उजवीकडे 1930च्या दशकात वायूने तरंगणाऱ्या अजस्र एअरशिपसाठी बांधलेलं ते अवाढव्य हँगर. सकाळी गेलात तर स्वर्ग. दुपारी वायव्येकडून वारा सुटला की सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखे पाय दुखतात. कडेला सराटे आहेत, हो, आपल्याकडचेच, आणि ट्यूबला ते तितक्याच आपुलकीने भेटतात. स्टीव्हन्स क्रीक ट्रेल त्याहून सुखाचा; खाडीपासून माउंटन व्ह्यूमधून सुमारे 5 मैल एकही सिग्नल लागत नाही. मग आमच्या गावाच्या वेशीवर तो संपतो. पुढे कूपर्टिनोत पुन्हा एक तुकडा आहे. मधलं जोडा म्हणणारे आणि घरामागून ट्रेल नको म्हणणारे यांचा वाद आम्ही राहायला आलो तेव्हाही चालू होता. पण या सगळ्या वाटांवरून संध्याकाळी घरी परतायचंच असतं. सायकलवर सामान बांधून, रात्री भलतीकडेच झोपायचं, हे मला हवं होतं. नवऱ्यालाही हवं होतं, असं मी धरून चालले होते.

रस्ता आखला मीच. शनिवारी सान होजे ओलांडून अलम रॉकहून माउंट हॅमिल्टनचा चढ धरायचा आणि वाटेतल्या ग्रँट पार्कात तंबू ठोकायचा. रविवारी शिखर गाठून मागच्या बाजूने सान अँटोनियो व्हॅलीत उतरायचं आणि माइन्स रोडने लिव्हरमोर. सोमवारी सकाळच्या एस ट्रेनमध्ये सायकली चढवून ग्रेट अमेरिका स्टेशन, तिथून घर. एप्रिल महिना, दरीत रानफुलं असणार होती.

पुढची बाजू सोपी आहे, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. तो रस्ता 1876 साली तयार झाला, लिक वेधशाळेचं सामान घोड्यांनी वर ओढता यावं म्हणून, त्यामुळे चढ मुद्दाम मवाळ ठेवलेला आहे. वळणं 365 आहेत असं म्हणतात. मी मोजली नाहीत, नवऱ्याने सुरुवात केली होती. वर सुमारे 4,200 फुटांवर वेधशाळा. तिला पैसा देणारे जेम्स लिक मोठ्या दुर्बिणीच्या खालीच पुरलेले आहेत. ते वाचून नवरा म्हणाला, "हा वर पोहोचला तो कायमचाच." तेव्हा मी हसले. तो थकलाय हे मला कळलं होतं का? थोडंसं. माझेही पाय भरून आले होते, दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.

मागच्या बाजूची गोष्ट निराळी. शिखरावरून इसाबेल क्रीकपर्यंत सुमारे 5 मैल रस्ता कोसळतो. ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर होतात. आणि एकदा खाली उतरलात की मागे फिरणं म्हणजे सामानासकट तीच भिंत चढणं. पुढे मात्र लिव्हरमोरपर्यंत 40 मैलांच्या वर अंतर, फोनला रेंज नाही, पाण्याचा भरवसा नाही. 2020च्या आगीत होरपळलेली झाडं अजून डोंगरांवर उभी आहेत, सावली म्हणाल तर उरलेल्या ओकांची.

तशाच एका ओकाखाली नवऱ्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. पाय चोळले, मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजलं, अर्धा तास थांबलो. तो उठला, थोडं अंतर गेला आणि पुढच्या छोट्या चढावर सायकलवरून उतरून तिथेच बसला. बोलला नाही. मी पाठीमागे उभी. या रस्त्यावर रविवारी मोटरसायकलवाले झुंडीने येतात. दोघे-तिघे थांबले, अंगठा वर करून विचारलं, पण मोटरसायकलवर माणूस, सायकल आणि पॅनियर, म्हणजे सायकलला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या, कुठे घेणार? मग समोरून एक जुना पिकअप आला. मागे गवताचे भारे, पुढे कुत्रं, चालवणारा सत्तरीचा गृहस्थ. तो सान होजेला निघाला होता, म्हणजे आम्ही आलो त्या वाटेने परत. म्हणाला, दोघं चढा.

नवऱ्याने आधी सायकल चढवली. मग खाली उतरला, पॅनियरमधून स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. चेनकडे बघत म्हणाला, "तू जा."

इथे सासूबाई म्हणतात, "अगं, तसं म्हणतात पुरुष. बायकोने जायचं नसतं." नणंद म्हणते, पाणीसुद्धा त्याचंच घेतलंस! मी आजवर यावर बरीच उत्तरं दिली. लिव्हरमोरच्या खोलीचे पैसे भरलेले होते. तो सुरक्षित हातांत होता. दोघांनी परत येण्याने त्याचे गोळे काही लवकर उतरले नसते. सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की समोर दरी आहे आणि आता मला मागे त्याच्या गिअरचा आवाज ऐकत जायचं नाही. दोन दिवस मी तो आवाज ऐकत होते. खटखट वाढली की वेग कमी करायचा, थांबली की मागे वळायचं. पिकअप वळणाआड गेला आणि मी पेडल मारलं तेव्हा मला हलकं वाटलं. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

दरीत फुलं होती. निळी ल्युपिन, केशरी पॉपी, पिवळ्याधमक फुलांचे गालिचे. मी थांबून फोटो काढले, हेही सांगून टाकते. तीन रस्ते मिळतात तिथलं खाण्याचं ठिकाण बंद होतं. माइन्स रोडला लागले आणि मग मात्र डोकं चालू झालं. तुम्हा सगळ्यांना माझी काळजी वाटते, बाईमाणूस, एकटी, निर्जन रस्ता. मला माझी काही वाटत नव्हती. मी माझ्या नवऱ्याला एका अनोळखी माणसाच्या गाडीत बसवून दिलं होतं. गाडीचा नंबर घेतला नव्हता. फोन बंद. त्या अरुंद रस्त्यावर, त्या वळणांवर म्हाताऱ्याला डुलकी लागली तर? नवऱ्याला गोळ्यांऐवजी दुसरंच काही असेल तर? उन्हात माणूस बडबडायचा बंद होतो ते नुसतं थकल्याने होतं का? पुढचे सगळे मैल मी हेच दळत होते आणि तरीही, मधेच एखादा उतार आला की मजा येत होती. दोन्ही एकदम.

लिव्हरमोर जवळ आल्यावर रेंज आली. त्याचा मेसेज येऊन बराच वेळ झाला होता: "पोचलो. कुकर लावतोय." मी एका द्राक्षमळ्याच्या कुंपणाला सायकल टेकवली आणि रडले. सुटकेने नाही, रागाने. मी दुपारभर याला दरीत पडलेला बघतेय, आणि हा कुकर लावतोय.

त्याआधी मंडळात मीच सांगत फिरायचे की नवरा-बायकोने मिळून सायकलवर फिरावं, संसार समजतो. ती बाई आज भेटली तर मी तिला विचारीन, पुढे कोण चालवतं? वेग कोण ठरवतं? तीही काही मुकाट ऐकणारी नाही. ती म्हणेल, रस्ता तूच आखलास, वेगही तूच ठरवलास, मग त्याच्या गिअरचा आवाज ऐकणं ही तक्रार कशी? यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते दर वेळी बदलतं.

आता मी लांबच्या वाटेला एकटी जाते. रविवारी आम्ही दोघं स्टीव्हन्स क्रीक ट्रेलवर जातो, तो पुढे असतो. हॅमिल्टनचं नाव घरात निघतं, पण वेधशाळेपर्यंतच. ओकाखालच्या त्या अर्ध्या तासाबद्दल तो काही बोललेला नाही आणि मी विचारलेलं नाही. गाडीत जागा होती का, हे मात्र आजवर त्याला कोणीच विचारलेलं नाही, सगळे मलाच विचारतात. पुढच्या वेळी त्याला विचारून बघा. काय म्हणाला ते मलाही कळवा.