डोंगर सुटला त्या दिवशी

सकाळी पावणेआठला फोन वाजला. दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या ताई होत्या. "दादा, लवकर या. टाकीतला डोंगर सुटलाय आणि मासे वर येऊन तोंडं उघडतायत."

मी फिशटँक बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो. ही टाकी चार फुटी, 120 बाय 45 बाय 45 सेंटीमीटर. तिच्यात मलावी सरोवरातले पिवळे सिक्लिड, ज्यांना आम्ही यलो लॅब म्हणतो. हे मासे खडकांत राहणारे. मागच्या काचेला छापील चित्र चिकटवलं तर बघणाऱ्याला बरं वाटतं, माशाला त्याचा काही उपयोग नाही. त्याला शिरायला कपार लागते. म्हणून मी थर्माकोलचा खडक कोरून, त्यावर सिमेंटचे चार हात देऊन मागची पूर्ण भिंत तयार केली होती आणि ती सिलिकॉननं, म्हणजे काच जोडायच्या चिकट पदार्थानं, मागच्या काचेला चिकटवली होती. कोपऱ्यात भिंतीमागे पोकळी ठेवून फिल्टर आणि हीटर तिथे लपवले होते. टाकी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

पोचल्यावर आधी सगळे प्लग काढले. टाकीत हात घालण्यापूर्वी ही सवय हवीच. मग नीट पाहिलं. भिंतीचा वरचा काठ आणि टाकीच्या काठाची काचेची पट्टी यांत मी तीन बोटांचं अंतर ठेवलं होतं, आतली साफसफाई सोपी जावी म्हणून. भिंत तेवढीच वर सरकून पट्टीला अडली होती आणि तिची खालची बाजू पुढे आली होती. फिल्टरचा पाइप निखळून भिंतीमागेच पाणी फेकत राहिला होता. पुढच्या पाण्याला रात्रभर हालचाल नाही, म्हणून माशांना प्राणवायू कमी पडलेला. एअर पंप लावला. दहा-पंधरा मिनिटांत मासे खाली जाऊ लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मासे मोजले. अकरा हवेत, दहाच दिसत होते.

पाणी उपसत गेलो. निम्म्यावर आल्यावर भिंतीमागे टॉर्च मारला. हीटरच्या शेजारी, कोपऱ्यात, ती मादी अंग चोरून उभी होती. खालून जी फट उघडली होती तिच्यातून आत शिरलेली. आधी वाटलं अडकली. मग तिचा गळा दिसला. जबड्याखाली पिशवीसारखा फुगलेला, आणि मधूनच ती तोंडातलं काहीतरी हळूच घोळवल्यासारखी हालचाल करत होती. तोंडात अंडी होती! या जातीची मादी अंडी आणि नंतर पिल्लं तीन-चार आठवडे तोंडात सांभाळते, त्या काळात जवळपास काही खात नाही. घाबरली तर सगळं थुंकून टाकते. जाळी वापरायची हिंमत झाली नाही. एक पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं तिला इंचाइंचानं त्यात वळवलं. एका मादीसाठी मी अर्धा तास वाकून उभा होतो. गळा फुगलेलाच राहिला.

बाकीचे मासे दुसऱ्या टाकीत हलवले, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात ठेवून सोबत नेला. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया त्यातले जीवाणू संपवतात. ते मेले की अमोनिया साचतो, आणि मलावीच्या माशांना जसं पाणी लागतं, 8 च्या आसपास पीएचचं, त्यात अमोनिया जास्तच विषारी ठरतो.

मग भिंत बाहेर काढली आणि उत्तर समोरच होतं. मागच्या काचेवर सिलिकॉनच्या रेघा जशाच्या तशा घट्ट, आणि प्रत्येक रेघेवर थर्माकोलचे पांढरे दाणे चिकटून राहिलेले. सिलिकॉननं काच सोडलीच नव्हती. थर्माकोलच आतून फाटला होता. म्हणजे आणखी दोन नळ्या सिलिकॉन लावून काही साधलं नसतं.

तिथेच बसून हिशेब केला, जो मी आधी करायला हवा होता. 118 बाय 40 आणि सरासरी 6 सेंटीमीटर जाडी, म्हणजे जवळजवळ 28 लिटर जागा. तेवढ्या थर्माकोलचं वजन अर्धा किलो. सिमेंटचा थर पाण्यात जेमतेम अडीच किलो खाली ओढतो. उरलेलं 25 किलोच्या आसपासचं बळ रात्रंदिवस वर ढकलत होतं. बाहेर जी भिंत मी एका हातानं उचलून आणली होती, ती पाण्यात पोत्याएवढ्या जोरानं उसळी घेत होती.

दुरुस्ती मुख्यतः मागून केली. पुढचा खडक तसाच ठेवून मागची बाजू पोखरली, जिथे सिमेंटला आधार पुरेल तिथे फक्त दोन-अडीच सेंटीमीटरचं कवच ठेवलं. पोकळीत पाणी शिरलं की तेवढी उसळी जाते. वरच्या काठाला जाड तुकडा जोडून भिंत थेट काचेच्या पट्टीखाली टेकवली, म्हणजे वर ढकलणारं बळ चिकटपणावर न येता पट्टीवर यावं. पाणी मागे फिरावं म्हणून खालून आणि वरून भोकं ठेवली, पण त्यांवर जाळी बसवली.

उघड्या पडलेल्या थर्माकोलवर नवं सिमेंट आलं, म्हणून पुन्हा भिजवणं आलं. ताजं सिमेंट पाण्याचा पीएच 11 च्याही वर नेऊ शकतं. यात घाई करणाऱ्यांचे मासे मरताना मी पाहिले आहेत. मोठ्या टबात भिंत बुडवून, वर दगड ठेवून, पाणी बदलत राहिलो. चोवीस तास भिजल्यावरही टबातलं पाणी आणि नळाचं पाणी चाचणीत एकच रंग दाखवू लागलं, तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. डॉक्टरांनी एकदाही घाई केली नाही, ते मला फार मोलाचं वाटलं.

दरम्यान मादीनं वेगळ्या टाकीत नऊ पिल्लं सोडली, नखाएवढी, पण पिवळा रंग कळत होता.

दुसऱ्यांदा पाणी भरताना एकदम भरलं नाही. पाव टाकी भरायची, थांबायचं, भिंतीच्या खालच्या काठावर बोट ठेवून हलते का बघायचं. पाणी वरपर्यंत आलं तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती. ताई दिवे मालवायला आल्या, तरी माझा तळवा अजून भिंतीवरच होता.