जानेवारीतला शिंजीर

जानेवारीचा पहिला पंधरवडा, पुणे

शेवगा फुललाय आणि शिंजिराचा, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या सनबर्डचा, नर अजून पिसं बदलतोय. पोट पिवळट, गळ्यापासून खाली एक गडद पट्टा, खांद्यावर चमकत्या निळ्याची ठिगळं. पुरता जांभळा झाला की सगळेच त्याचे फोटो काढतात. मला हा अर्धवट रंगलेला नर जास्त मोलाचा वाटतो. दर आठवड्याला तो वेगळा दिसतो, आणि ही संधी वर्षातून एकदाच येते.

त्याची निळाई रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो, म्हणून ऊन आपल्या पाठीशीच हवं. या दिवसांत सूर्य आग्नेयेकडून वर येतो. सकाळी कॅमेऱ्याचं तोंड वायव्येकडे ठेवायचं. पूर्वेच्या खिडकीतून त्या वेळी काढलेला शिंजीर कोळशाचा तुकडा दिसतो, मग संगणकावर कितीही उजळा. नुसती मान वळली तरी चमक येते-जाते, त्यामुळे एकेक फोटो न काढता सलग पाच-सहा घ्यावेत. सूर्य भर दुपारीही पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून दहापर्यंतचं ऊन सहज चालतं. मे महिन्यात हे सुख नाही.

फुलांच्या घोसापासून हातभर अंतरावर पेन्सिलीएवढी सुकी काटकी बांधावी. मध पिऊन झाला की चोच पुसायला त्याला अशीच जागा लागते. काटकीमागची झाडी तीन-चार मीटर लांब असली की पार्श्वभूमी मऊ येते.

४०० मिमीची लेन्स एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावून ४ मीटरवरून पाहिलं, तर चौकटीत जेमतेम २३ सेंटिमीटर रुंदी मावते. दहा सेंटिमीटरच्या पक्ष्याला ती पुरे. पण लेन्सचं छिद्र एफ ५.६ वर असताना स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं रेखीव येतं तेवढं अंतर, फक्त दोनेक सेंटिमीटर. पक्षी आडवा बसला असेल तरच डोळा आणि शेपूट दोन्ही रेखीव येतात, नाहीतर छिद्र लहान करून एफ ८ करावं. काटकीवर बसलेल्यासाठी शटर १/१००० सेकंद पुरतं. फुलापुढे पंख फडफडवत थांबलेल्याला १/२५०० तरी हवं. काळ्या चेहऱ्यावरचा काळा डोळा कॅमेऱ्याला बऱ्याचदा आपोआप सापडत नाही. डोळ्यात उन्हाचा ठिपका दिसेपर्यंत एकच फोकस-बिंदू चेहऱ्यावर धरून ठेवावा.

उघडं आकाश मागे असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवायचं. हळद्या हा पिवळाधमक पक्षी आला की उलट, अर्धा-पाऊण स्टॉप कमी. त्याचा पिवळा फार लवकर जळतो, म्हणजे पिसांचा तपशील पुसला जातो, आणि ते कळायला लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहावा लागतो.

बुलबुल, दयाळ आणि चष्मेवाला या पक्ष्यांसाठी मातीची उथळ थाळी ठेवावी. पाणी तीन-चार सेंटिमीटरच, मध्ये एक खडबडीत दगड, आणि रोज घासून नवं पाणी. शिंजिराला मात्र ओली पानं आवडतात: कर्दळीवर पाणी शिंपडलं की तो पानावर अंग घासून आंघोळ करतो. साखरेचं पाणी नको, शेवगा आणि जास्वंद भरपूर आहेत.

मादी लोंबतं घरटं विणू लागली की कॅमेरा तिथून हलवायचा. फोटोसाठी घरट्यापुढची पानं बाजूला केली, तर ऊनही आत पोहोचतं आणि कावळेही.