तुम्ही विचारलंत म्हणून: पायलटच्या तब्येतीचं खरंच वाटोळं होतं का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत लिफ्टपाशी मला कोणीतरी गाठतंच. मुलाला नाहीतर मुलीला पायलट व्हायचंय, फीचा आकडा ऐकून आईवडिलांचे डोळे आधीच पांढरे झालेत, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, मॅडम, वर ते रेडिएशन असतं म्हणतात ना, पुढे कॅन्सर होतो, मुलं होत नाहीत, खरं का? मी कॅप्टन आहे, डॉक्टर नाही, पण अर्धं आयुष्य यातच गेलंय तेव्हा एकदाच बसून लिहून काढते, पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर हेच पाठवून देईन.

मुलं होतात. मला दोन आहेत.

रेडिएशनचं म्हणाल तर आहे, खोटं नाहीये. अवकाशातून येणारे कण खाली येईपर्यंत वातावरणात बरेचसे अडतात, आणि आम्ही पस्तीस हजार फुटांवर असलो की त्या वातावरणाचा बराचसा भाग आमच्या खालीच राहतो. वैमानिकाला यातून वर्षाला साधारण २ ते ६ मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळणारं रेडिएशन मोजायचं एकक) मिळतात. आता यातलं भयंकर किती ते बघा, जमिनीवर बसलेल्या माणसाला नुसत्या निसर्गातून जगभराच्या सरासरीने २.४ मिळतातच, आणि किरणोत्साराशी काम करणाऱ्यांसाठी मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. शिवाय आपलं नशीब चांगलं, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हे कण विषुववृत्ताजवळ जास्त परतवतं आणि ध्रुवांकडे कमी, आणि चुंबकीय विषुववृत्त तर आपल्या दक्षिण टोकावरून जातं, म्हणून तर १९६३ साली देशातून पहिलं रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं. तेव्हा मुंबई-कोची, मुंबई-दुबई करणाऱ्याला कमी, आणि उत्तर ध्रुवाच्या बाजूने अमेरिकेला जाणाऱ्याला जास्त. गरोदरपणाचा हिशेब मात्र वेगळा, पोटातल्या बाळासाठी उरलेल्या महिन्यांत १ मिलीसिव्हर्ट एवढीच शिफारस आहे, म्हणून कळल्याबरोबर सांगायचं असतं आणि सांगतातही मुली.

कातडीचा कॅन्सर, मेलानोमा, हा त्यातल्या त्यात पुरावा असलेला मुद्दा. २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा वैमानिक आणि केबिन क्रूमध्ये त्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट निघालं. पण हे आकडे मुख्यतः गोऱ्या कातडीच्या देशांतले, जिथे हा आजार मुळातच आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार, यूव्हीए आणि यूव्हीबी. कॉकपिटची काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए सगळ्या काचा सारखं अडवत नाहीत. आखातातून रात्रभर उडून पहाटे मुंबईकडे येताना सूर्य बरोब्बर नाकासमोर उगवतो, समोरचा पडदा पुरत नाही म्हणून कोणी पेपर अडकवतं, कोणी चेकलिस्टचं जाड कार्ड, आणि त्या फटीतूनही एक तिरीप डोळ्यात घुसतेच. सनस्क्रीन लावा असं मी एफओ (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट) पोरांना सांगते, ती हसतात.

हवेचं एक. केबिनमधलं प्रेशर सहा ते आठ हजार फुटांवर असतं तेवढं ठेवलेलं असतं, आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे आमचं ऑफिस महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर. आणि दमटपणा दहा-वीस टक्के. मुंबईत वाढलेल्या माणसाला तो कोरडेपणा पहिल्या वर्षी घशातच कळतो. पाणी प्या म्हणतात, पण कॉकपिटमधून बाथरूमला जायचं म्हणजे आधी केबिनला फोन, मग क्रूपैकी कोणीतरी आत येऊन थांबणार, त्यात नेमकी जेवणाची ट्रॉली दाराशी, मग नको तो व्याप म्हणून लोक पाणीच कमी पितात आणि चाळिशीत मुतखडा करून बसतात. माझ्या बॅचमधल्या एकाला झाला. दुखणं आठवडाभराचं, पण पोटातलं सगळं साफ आहे हे स्कॅनमध्ये दिसेपर्यंत लायसन्स ठप्प, कारण कॉकपिटमध्ये अचानक कळ आली तर माणूस वाकडा होतो. केबिनमध्ये इंजिनातून येणाऱ्या हवेत कधी तेलाची वाफ मिसळते त्यावरून जगभर वाद चालू आहेत, बोईंग ७८७ मध्ये ती हवा इंजिनातून घेतच नाहीत. कान, कंबर, ते सगळं आहेच, पण कंबर तर बेस्टच्या ड्रायव्हरचीही जाते.

आता खरं दुखणं. रात्र.

मुंबईहून युरोपकडे, आखाताकडे जाणाऱ्या कितीतरी फ्लाइट मध्यरात्रीनंतर सुटतात. पिकअप साडेबाराला, सहारच्या एअरपोर्टवर ब्रीफिंग, अडीचला टेकऑफ. रात्री दोन ते सहा ही वेळ अशी की शरीर म्हणतं झोप, तापमान खाली, डोकं जड, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही समुद्रावर. सकाळी घरी येऊन काळे पडदे ओढून झोपावं तर नऊला कचरेवाला बेल वाजवतो, दहाला भांडीवाल्या मावशी, मग कुरिअर, मग खाली कोणाची तरी टाइल्स कापायची मशीन, आणि या शहरात रीडेव्हलपमेंट काही थांबत नाही. दिवसाची झोप ही झोपच नसते, सात तास पडून राहा, उठल्यावर तीन तासांची वाटते. परवा परत रात्र, तेरवा पहाटे चारचा पिकअप, नंतर सुट्टी. २०१० मध्ये दुबईहून आलेलं विमान मंगळूरला कोसळलं आणि १५८ माणसं गेली, चौकशीत निघालं की कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते आणि उठल्यानंतरची गुंगी पुरती उतरली नव्हती. हा झाला त्या रात्रीचा धोका. वर्षानुवर्षं असं केलं की वजन, बीपी, साखर, पोट, एकेक करून हजर. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं, २०१९ मध्ये परत तेच ठरवलं. त्याच गटात मटणही आहे हो, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका, पण रेडिएशनबद्दल शंभर जण विचारतात आणि झोपेबद्दल एकही विचारत नाही याचं मला नवल वाटतं.

नियम सुधारतायत. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ च्या जानेवारीत नवे आणले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोन. २०२५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि डिसेंबरात देशभर फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा तुम्ही एअरपोर्टवर अडकला असाल तर चिडणं बरोबरच आहे, फक्त नियमावर चिडू नका, एअरलाइनने पुरेशी माणसं आधीच घ्यायला हवी होती.

आणि मेडिकल. आम्हाला दरवर्षी क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची सगळ्यात कडक तपासणी, करावी लागते, साठीनंतर सहा महिन्यांनी. उपाशीपोटी सकाळी जायचं, रक्त, ईसीजी, डोळे, मग त्या बंद खोक्यात हेडफोन लावून शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर बाकावर एरवी तासन्‌तास गप्पा हाणणारी माणसं बसलेली असतात, त्या दिवशी कोणी बोलत नाही. आदल्या महिन्यात सगळे अचानक शिवाजी पार्कला धावायला लागतात, भात सोडतात, दारू सोडतात. कारण 'टेम्पररी अनफिट' एवढे दोन शब्द आले की उडणं बंद, बऱ्याच ठिकाणी पगाराचा मोठा तुकडा उडालेल्या तासांवर, आणि पवईच्या फ्लॅटचा ईएमआय काही अनफिट होत नाही.

याचा परिणाम काय होतो तर माणूस डॉक्टरपासून लपतो. आम्ही देशातले सगळ्यात जास्त तपासले जाणारे नोकरदार असू आणि सगळ्यात जास्त लपवणारेही आम्हीच. छातीत जळजळ? ॲसिडिटी. झोप येत नाही? रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक. मनाचं तर नावच काढायचं नाही. जर्मनविंग्ज या जर्मन एअरलाइनच्या को-पायलटने २०१५ मध्ये विमान डोंगरावर घातलं, १५० जण गेले, डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नको असं लिहून दिलेलं होतं आणि ते त्याने कंपनीला सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी छापून आलेल्या अभ्यासात हार्वर्डवाल्यांनी नाव न विचारता वैमानिकांकडून फॉर्म भरून घेतले होते, त्यात सुमारे आठात एकाची उत्तरं डिप्रेशनच्या रेषेपलीकडची निघाली. नाव न विचारता, हे महत्त्वाचं. अमेरिकेत २०१० पासून डिप्रेशनच्या काही ठराविक गोळ्या चालू असतानाही देखरेखीखाली उडू देतात, आपल्याकडेही आता सहकाऱ्यांशी बोलायची सोय वगैरे सुरू झालीय, पण ज्याच्याशी बोलायचं तो उद्या आपल्याबरोबर रोस्टरवर असतो, म्हणून पोरं बोलत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की बीपीची गोळी वेळेत घेणारा पायलट हा ती लपवणाऱ्यापेक्षा हजारपट सेफ, आणि बीपीच्या काही गोळ्या रीतसर चालतात, विचारायचीच भीती असते.

तर मुलाला पाठवायचं का? पाठवा की, मला परत विचारलंत तर मी परत हेच करीन. फक्त फ्लाइंग स्कूलला पैसे भरायच्या आधी मेडिकल करून घ्या, आधी क्लास टू मग क्लास वन, रंगांधळेपणा बऱ्याच मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतो. चष्मा असेल तर घाबरू नका, नंबर चष्म्याने भागत असेल तर चालतो. आणि नोकरी लागली की लॉस ऑफ लायसन्सचा इन्शुरन्स, म्हणजे तब्येतीमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा, पहिल्या पगारातून काढा, पंचविशीत हप्ता कमी बसतो.