पेन्शन जमा झाली की आमचा बाजार हलतो

आमचं मेडिकल अहमदपूरला, लातूर जिल्ह्यात. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या खेड्यांतलं, सोयाबीनवर जगणारं, अन् सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच येतो, दसरा-दिवाळीच्या टायमाला. 2025 ला तर तोही धड आला नाही, शेतात पाणी साचून शेंगा काळ्या पडल्या. त्या महिन्यांत दुकान कुणी तारलं म्हणाल तर रिटायर गुरुजींनी, गल्ला बघून सांगतोय.

कसं होतं बघा, जुन्या पेन्शनवाल्याला शेवटच्या बेसिकच्या निम्मे अन् वर महागाई भत्ता मिळतो, पाऊस पडो न पडो दर महिन्याला खात्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या ते रोख नेतात, त्या रोखीतून मी होलसेलवाल्याचं बिल भागवतो, म्हणून तर शेतकऱ्याच्या लेकराला ताप आला तर औषध उधारीवर देता येतं. शेजारच्या किराणावाल्याचंही तेच. माझे वडील जिल्हा परिषदेचे रिटायर मास्तर, त्यांच्या पेन्शनीतून जूनमध्ये चुलत्याचं बी-खत येतं, पुतणी लातूरला नीटचे क्लास करायली तिची फी जाते, उरलं तर गावाकडच्या घराच्या गिलाव्याला. एकाच्या पेन्शनीवर तीन घरं चालायलीत.

सगळ्याच रिटायर लोकांचं असं नाही हां. एसटीतून निवृत्त झालेल्यांना ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन, तिथं किमान रक्कम 2014 पासून 1000 रुपयेच आहे. हजार रुपयांत महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या की तेल-डाळ? असे कंडक्टर मामा काउंटरवर पंधरा गोळ्यांची स्ट्रिप अर्धी कापून मागतात, लई वाईट वाटतं.

आणि मला पुढची काळजी आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मार्च 2023 चा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप त्याच्यासाठीच होता. नंतर सरकारनं सुधारित पर्याय आणले, पण माझ्या वयाचे शिक्षक मित्र अजून हिशोबच करत बसलेत. नुसत्या एनपीएसमधून, म्हणजे जुनीच्या जागी आलेल्या नव्या योजनेतून, मिळणारी पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. हे लोक रिटायर होतील तेव्हा दुष्काळी सालात बाजारात रोख कुठून यायची?

दुसरं म्हणजे पोरं पुण्याला, मग म्हातारे पण पुण्याला. मागच्या महिन्यात वडिलांचे एक सहकारी सर कायमचे निघाले, जायच्या आदल्या दिवशी दुकानात आले, वहीतलं खातं बंद कर म्हणले. त्यांच्या नावावर 340 रुपये होते, ते दिले, अन् मग सरांनी विचारलं, "आमच्या सालगड्याचं किती आहे?" त्याच्या बायकोच्या थायरॉईडच्या गोळ्या सर चार वर्षं भरत होते, मला माहीतच नव्हतं, ती बाई आपली येऊन गोळ्या न्यायची अन् पैसे "घरून येतील" म्हणायची. सरांनी सहा महिन्यांचे ॲडव्हान्स दिले. नंबर लिहून ठेव म्हणले, संपले की मला फोन कर.

नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.