मंडपवाल्याची एलईडी वॉल: गावच्या खेळाडूची फायनल चौकात दाखवताना

आमचा मूळ धंदा मंडप आणि साउंडचा. लग्नं, सप्ताह, गणपती. पुढे प्रोजेक्टर आला, मग भाड्याची एलईडी आणि शेवटी स्वतःची वॉल. गावचा पोरगा किंवा पोरगी मोठ्या स्पर्धेत उतरली की चौकात स्क्रीन लावायची ऑर्डर येते. गावकरी विचारतात, "स्क्रीन केवढी?" आम्ही विचारतो, "सामना किती वाजता?" सगळी मांडणी त्यावर ठरते.

पॅरिस ऑलिम्पिक २०२४ चंच बघा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची नेमबाजीची फायनल १ ऑगस्टला आपल्याकडे भर दुपारी १ वाजता होती. मांडव्याच्या अविनाश साबळेची स्टीपलचेस (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल मध्यरात्रीनंतर सव्वाएकच्या सुमारास. दुपारी उघड्यावर प्रोजेक्टर कुचकामी, तिथे साडेचार-पाच हजार निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप) आउटडोअर एलईडीच हवी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणून अशी शर्यत समाजमंदिरात, दारं लावून, प्रोजेक्टरवर. आमचा जुना प्रोजेक्टर त्यासाठीच अजून विकलेला नाही.

चौकासाठी ३.९१ मिमी पिचचे (दोन ठिपक्यांमधलं अंतर) ५०० बाय ५०० मिमीचे कॅबिनेट, म्हणजे पडद्याचे सुटे पॅनल वापरतो. ७ आडवे, ४ उभे, एकूण २८. स्क्रीन साडेतीन बाय दोन मीटर होते आणि टीव्हीचं चित्र जवळजवळ पूर्ण बसतं. पहिली सतरंजी चार मीटर लांब, त्याहून जवळ बसलं की ठिपके दिसतात. खालची कड जमिनीपासून साडेपाच फूट वर, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांनी मागच्यांचा स्कोअर झाकतो. दुपारच्या कामाला स्क्रीनची पाठ पश्चिमेला ठेवायची.

एवढी वॉल पूर्ण पांढऱ्या चित्रावर पाच किलोवॅटच्या आसपास घेते, एरवी त्याचा तिसरा हिस्सा. तरी गावठाणाच्या लाइनवर आम्ही वॉल चालवत नाही. कुठे तरी मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडतं आणि नेमका शेवटच्या शॉटला वॉलला चित्र पुरवणारा प्रोसेसर रीस्टार्ट होतो. १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर, ६ चौरस मिमीची तांब्याची केबल, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग. ऑगस्ट म्हणजे पाऊस, त्यामुळे जोड जमिनीवर टाकायचे नाहीत, ट्रसला, म्हणजे वॉलच्या लोखंडी सांगाड्याला टांगायचे. पॅनलच्या पाठीवर ताडपत्री ताणून बांधू नये, हवा कोंडून पॅनल तापतात. वर छपरासारखा उतार द्यावा.

खरी डोकेदुखी सिग्नलची. मोबाइलवरचं लाइव्ह डिशपेक्षा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे असतं. चौक मोबाइलच्या फीडवर असला की शेजारच्या घरातल्या टीव्हीसमोर आधी आरडाओरड होते आणि चौकातली मजा जाते. म्हणून मुख्य फीड डिशचं. जोराच्या पावसात डिशचं चित्र तुटतं, तेव्हासाठी मोबाइलचं फीड दुसऱ्या इनपुटवर आवाज बंद करून चालू ठेवतो. सेट टॉप बॉक्स प्रोसेसरच्या शेजारीच, कारण लांब एचडीएमआय केबलवर चित्र फडफडतं. प्रोसेसर ते वॉल कॅट-६, ती लांब गेली तरी चालते. काही प्रोसेसरवर एचडीसीपीमुळे (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) नुसता काळा पडदा येतो. चाचणी त्याच बॉक्सवर, त्याच चॅनेलवर, आदल्या दिवशीच घ्यावी.

माइक कोणाच्या हातात द्यायचा हेही ठरवा. स्वप्नीलच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स फायनलमध्ये गुडघ्यावर १५, झोपून १५ आणि मग उभ्याने शॉट होते. ४० शॉटनंतर दोघे बाद, पुढे एकेक. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. हे कोणी सांगितलं नाही तर म्हातारी माणसं नुसती आकडे बघत बसतात. स्टीपलचेस आठ-सव्वाआठ मिनिटांत संपते, तिथे बोलणाऱ्याने फक्त लॅप आणि क्रमांक सांगावा. भाषणं आधी उरकून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

तिकीट लावू नका. पैसे घेऊन प्रक्षेपण दाखवणं हा प्रसारण हक्काचा भंग आहे. लाउडस्पीकरची पोलीस परवानगी आयोजकांनी काढायची, हे आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो.

जिंकल्यावर गुलाल उडणारच. वॉलपुढे दहा फुटांवर दोर बांधतो, तरी थोडा येतोच. तो ओल्या फडक्याने पुसला की चिखल होऊन दिव्यांमधल्या खाचांत बसतो. वॉल बंद करून, वाळलेला असतानाच ब्लोअरने उडवायचा आणि राहिलेला मऊ ब्रशने काढायचा.